डाग धुणारीची खुर्ची

एकोणीसशे एकाहत्तर साली लॉन्ड्रीच्या काउंटरवरची खुर्ची रिकामी झाली. साधी लाकडी, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. पण तिथे सगळ्यात जुन्या बाईने बसायचं, असा रिवाज होता. सगळ्यात जुनी होती भट्टीवाली. तिच्या खापरपणजाला जहाजातून आणून इथे विकलं होतं. पाच पिढ्या झाल्या तरी लोक तिला 'बाहेरची काळी' म्हणत. अकरा वर्षं वाफेत उभं राहून तिची छाती भात्यासारखी वाजायची. डॉक्टरांनी वाफ सोडायला सांगितलं होतं.

मालकांनी बोलावलं इस्त्रीवालीला. "तू बस. पाय अधू आहे तुझा, आणि वर्णाने आमच्यातली. काळ्या हातातून पांढऱ्या चादरी घ्यायला गिऱ्हाईक बिचकतं."

"आणि धुतल्या कुणी?"

"ते आत. आतलं कुणाला दिसतं?"

मोह पडला नाही म्हणणं खोटं. इस्त्रीवालीने खुर्चीवर बसूनही पाहिलं. पायाला बरं वाटलं, बाकी कशालाच नाही.

चादरींच्या घड्या दोघींनी मिळून घालायच्या आणि घडीगणिक गोष्ट एकेक वाक्य पुढे न्यायची, ही तिथली जुनी खोड. मालक गप्प बसत, कारण गोष्ट थांबली की हात थांबत. सोमवारी ऐन गर्दीत इस्त्रीवालीने काउंटरसमोरच चादर पसरली. दुसरं टोक धरलं रफूवालीने. दोन नवरे सोडले म्हणून तिलाही पुढे फिरकू देत नसत.

"एका शहरात सगळ्यांचे डाग एकच बाई धुवायची."

"दारूबंदीवर भाषणं देणाऱ्या साहेबांच्या शर्टावरचे दारूचे."

रांगेतले एक साहेब छताकडे बघू लागले.

"आणि एका मालकाच्या उशीवरचे लालीचे. बायको मात्र लाली लावत नसे."

पावत्या फाडणाऱ्या मालकीणबाई थांबल्या. "मग?"

मालक चादर गुंडाळायला धावले. तेवढ्यात भट्टीवाली ओल्या हातांनी बाहेर आली. "गोष्ट माझी आणि सांगता तुम्ही? सरका, भवान्यांनो. त्या बाईने अकरा वर्षांत कुणाच्या डागाचं नाव घेतलं नाही, पुढेही घेणार नाही. पण हात काळे म्हणून तिला आत कुणी कोंडलं, ते मात्र नावानिशी सांगेल."

आणि ती खुर्चीत बसली. रांगेतल्या एका आजीबाईंनी पावती पुढे केली. "दे बाई माझ्या चादरी. इतकी वर्षं तूच तर धुतल्यास." मालक उठवायला सरसावले, तर मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही बसा. आपल्याला बोलायचंय."

भट्टीवाली तिथे चौदा वर्षं बसली. खोकला निम्म्यावर आला. भट्टीवर सगळ्यांची पाळी लागली. रफूवालीने तिसरा नवरा केला, तो टिकला. मालकीणबाई लाली लावू लागल्या. मालक आपल्या उशा स्वतः धुऊ लागले. इस्त्रीवालीला खुर्ची मिळाली ती भट्टीवाली गेल्यावर. पुठ्ठ्याची घडी तिने कधी बदलली नाही.