जुन्याच्या बदल्यात नवी

कॅरव्हानचा विमा कसा निवडायचा हे मला कुणी शिकवू नये. इंग्लंडातल्या हल शहरात ज्या कारखान्यात या गाड्या, म्हणजे मोटारीमागे ओढायची ही चाकांवरची घरं, बनतात तिथे मी उभा जन्म गाद्या शिवण्यात घालवलाय. तिथल्या बायकांच्या तोंडून चोरीच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की विमेवाला फोनवर गोड बोलायला लागला की मी आधी विचारते, "अट काय ते सांग."

यंदा आमची मुलगी जॅनिस शेजारी बसली होती. म्हणाली, "आई, स्वस्तातला घे. बाबांना घेऊन तू आता कुठे जाणारेस?"

"कुठे नाही. अंगणात."

"मग?"

"मग काय. स्वस्तातल्याची अट वाच. चाकाला आणि मोटारीला जोडायच्या आकड्याला, दोन्हीकडे कुलूप नसेल तर दमडी मिळणार नाही. या महागातल्यात घरापुढे उभी असेल तर एक कुलूप चालतं. आणि गेलीच तर जुन्याच्या बदल्यात नवीकोरी देतात."

"तुला भारी हौस," जॅनिस म्हणाली आणि तिनं महागातल्याचाच कागद माझ्यापुढे सरकवला. कारण गाडी माझ्यासाठी काय होती ते तिला माहीत होतं.

माझा नवरा वर्नन घरात मला ओळखत नाही. त्याचं डोकं गेल्या दोन हिवाळ्यांत पार रिकामं होत गेलं. स्वयंपाकघरात मी त्याच्यापुढे अंडं-टोस्ट ठेवते तेव्हा तो म्हणतो, "आभारी आहे बाई. तुम्ही फार करता माझ्यासाठी." इतक्या अदबीनं म्हणतो की कधीकधी ती बशी आपटावीशी वाटते. पण हाताला धरून त्याला अंगणातल्या कॅरव्हानमध्ये नेलं, की पायरीवर बूट झटकायचा, वाकून आत शिरायचा, सवयीनं गॅस पेटवून किटली ठेवायचा आणि मागे न बघताच म्हणायचा, "अगं थेल, दूध आणलंस ना?"

बस. एवढ्यासाठी मी जगत होते. आत आमची नवराबायकोची भांडणंसुद्धा व्हायची. पत्ते मी लपवते म्हणून तो मला लबाड म्हणायचा, आणि मला काय बरं वाटायचं ते ऐकून. दुपार संपून घरात परतलो की पुन्हा मी बाई.

हिवाळ्यात लोक गाडीतल्या गाद्या काढून घरात ठेवतात आणि पडदे उघडे टाकतात, म्हणजे चोराला दिसावं की आत काही नाही. आमच्या गाद्या जागेवरच राहिल्या. दिवा लागलेला, पडदे ओढलेले. समोरचा डेनिस टोमणा मारायचा, "थेल्मा, हनिमून चाललाय का तुमचा?" मी म्हणायचे, "तुझं काय जळतंय?"

डेनिस आमच्याइतकाच कॅरव्हानवेडा. आता या वेडाचं एक लक्षण सांगते. कुणीही, कुठेही गाडी मागे घेताना दिसलं की आमच्या लोकांना राहवत नाही. चहा टाकून धावतील, रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थोपवतील, "ये, ये, डावीकडे घे, बस" करत हात हलवतील. ओळख असो वा नसो. हा आमचा धर्मच आहे म्हणा ना.

मार्च महिन्यात एका सकाळी डेनिस आणि वर्नननं मिळून गाडीचं चाक पाव फेरा फिरवलं. एका जागी उभं राहून टायर चपटा होतो, म्हणून थंडीत हे करावंच लागतं. वर्नन खूश होता, हातांना काम मिळालं की तो खूश असतो. पण फिरवल्यावर चाकाचं भोक कुलपाच्या खाचेसमोर येईना. डेनिस म्हणाला, "राहू दे, संध्याकाळी पुन्हा उचलून नीट करू. आकड्याला कुलूप आहेच." मीही बरं म्हटलं. वर्ननला दवाखान्यात न्यायचं होतं, उशीर होत होता.

परत आलो तर अंगण मोकळं होतं. फरशीवर एक पांढरट चौकोन, आणि कापलेल्या कुलपाचे दोन तुकडे.

डेनिस आमच्या फाटकापाशी बसला होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. म्हणाला, "पिवळी जाकिटं घातली होती गं त्यांनी. मला वाटलं दुरुस्तीला नेतायत. त्यांच्या मोटारीला जोडून झाली होती, मी बाहेर आलो तेव्हा."

"मग?"

"मग बाहेर निघताना वळेना त्यांना. खांबाला लागली असती." त्यानं मान खाली घातली. "मी रस्ता अडवून धरला. मीच हात दाखवून काढून दिली, थेल्मा. डावा दिवा लागत नाही, जपून जा, असंही सांगितलं."

त्याला मारावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना. त्याच्या जागी वर्नन असता तर त्यानंही हेच केलं असतं.

विम्यानं मात्र शब्द पाळला. फोनवरची पोरगी भली होती. एक कुलूप होतं, अंगणात होती, पोलिसात कळवलं होतं, झालं. नवी गाडी मंजूर. जॅनिसनं मला मिठी मारली. "आई, तुझंच बरोबर होतं." गल्लीतल्या बाया म्हणाल्या, नशीब काढलंस. मी मनात एकच धरून बसले होते, की गाडी येऊ दे. कारखाना तोच, किटलीची जागा तीच असणार. तो आत शिरेल आणि दूध विचारेल.

तोवरचे आठवडे वाईट गेले. वर्नन खिडकीशी उभा राहायचा. जेवायला बोलावलं तर म्हणायचा, "नको बाई, मी निघणारच आहे."

नवी गाडी आली ती डेनिसनंच हात दाखवून आत घेतली, एकदाही माझ्याकडे न बघता. धोक्याची घंटा, गाडी कुठे आहे ते कळवणारं यंत्र, चाकाला कुलूप, आकड्याला कुलूप, सगळं होतं. मी नवी किटली भरून ठेवली. दूध मुद्दाम घरातच ठेवलं, त्यानं विचारावं म्हणून. मग वर्ननला हात धरून आणलं.

पायरीवर त्यानं बूट झटकले. आत येऊन त्यानं टोपी काढली, हातात धरली, आणि कडेच्या गादीवर अगदी टोकाला बसला.

"छान आहे गाडी तुमची," तो म्हणाला.

"आपली आहे, वर्नन. मी थेल."

"हो का? माझ्या बायकोचंही नाव थेलच." तो हसला. "ती पुढे गेलीय, समुद्रावर. गाडी घेऊन गेली. मला न सांगताच गेली बघा. कधी चालवली नाही तिनं ती, वळणावर सांभाळेल की नाही कोण जाणे. पण मला न्यायला येईल. मी कुठे हललो नाही तर तिला सापडेन."

मी गॅस पेटवायला गेले. काडी पेटेना. पाठीमागून तो म्हणाला, "तुम्ही रडताय का बाई? तुमचं कुणी गेलंय का?"

"नवरा," मी म्हटलं. "तोही त्याच गाडीतून गेला."

"मग घाबरू नका," वर्नन म्हणाला. "ती त्याला नीट सांभाळेल." आणि माझ्यासाठी जागा करून तो बाजूला सरकला.