कमानीची उजवी बाजू

"लिंबू? माझ्या घमेल्यात?" अब्देलमौला असा खेकसला की हौदावर हातपाय धुणारी माणसं वळून बघू लागली.

"अरे, दोन थेंब घाल. प्लास्टर उशिरा आवळतं, हाताला सवड मिळते," थामी म्हणाला.

"सवड मेलेल्या हातांना लागते. जन्मभर लिंबं पिळलीस. नक्षीवाला कसला, सरबतवाला तू!"

फेझ शहरातल्या त्या गल्लीच्या मशिदीची कमान दोघा मालेमांच्या, म्हणजे उस्तादांच्या, वाट्याला आली होती. डावी बाजू थामीची, उजवी अब्देलमौलाची. शुक्रवारी सगळी गल्ली ती बघणार होती. ओल्या प्लास्टरमध्ये स्फटिकांचे बारीक काटे धरतात, एकमेकांत गुंततात आणि त्याचा दगड होतो. त्याआधी चाकू चालवून मोकळं व्हायचं. अब्देलमौला आयुष्यभर तसाच मोकळा झाला होता. लिंबू घालून त्या काट्यांना रेंगाळत ठेवणाऱ्यांची त्याला किळस यायची.

पण त्या दिवशी नक्षीतला तारा अर्धाच कोरून झाला आणि प्लास्टर आवळलं. चाकू अडला, टवका उडाला. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"गोणीच भिकार आहे," तो म्हणाला. थामीचं कामही त्याच गोणीतलं होतं.

दुपारी थामी नमाजाला गेला आणि अब्देलमौलानं त्याच्या टोपलीतली लिंबं उचलली. तीन पिळली. किती पिळायचं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण सरबतवाल्याला विचारणार कोण?

प्लास्टर लोण्यासारखं मऊ राहिलं. संध्याकाळपर्यंत त्यानं असा तारा कोरला, जो तरुणपणीही साधला नव्हता.

"बघ, याला म्हणतात हात," त्यानं थामीला ऐकवलं.

सकाळी थामीनं ताऱ्याच्या टोकाला बोट लावलं. टोकाचं पीठ झालं आणि जमिनीवर सांडलं. गोणीमागे पिळलेल्या साली पडल्या होत्या. थामीनं त्या पायानं पुढे ओढल्या.

"सरबत छान झालं का, मालेम?"

अब्देलमौला लाजेनं काळाठिक्कर पडला. त्यानं पत्रा घेतला, आपला तारा आपल्याच हातानं खरवडून काढला आणि नवं प्लास्टर कालवलं.

"किती?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"काय किती?"

"लिंबू रे, लिंबू! किती घालतोस?"

"घमेल्याला अर्धी फोड."

अब्देलमौलानं घमेलं त्याच्यापुढे सरकवलं.

"तूच पीळ," तो म्हणाला. "माझा हात थरथरतो. जास्त पडेल."