एकदम नव्यासारखा

आमच्या घरातल्या रिमोटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. फ्रिजच्या दारावर कंपनीचं स्टिकर आहे, मिक्सरचं खोकं माळ्यावर आहे, आणि त्या खोक्यातलं थर्माकोलही जसंच्या तसं आहे. हे सगळं माझ्या नवऱ्याचं, विजयेंद्रचं राज्य. वस्तू विकत घेतानाच ती पुढे विकायची कशी, हा विचार त्याच्या डोक्यात सुरू होतो. मोबाइल, स्पीकर, इस्त्री, काय म्हणाल ते त्याने जुन्या वस्तूंच्या ॲपवर विकलंय, आणि प्रत्येक जाहिरातीत तेच वाक्य: 'एकदम नव्यासारखं'. गिऱ्हाइकांनी दिलेले तारे तो जेवताना आम्हाला दाखवतो. एखादा तारा माझ्या आमटीलाही दिला असता तर काय बिघडलं असतं?

पण माणूस लबाड नाही, हे आधीच सांगते. चार्जरची वायर जरा सैल असेल तर तेही लिहून कळवणारा. म्हणून तर पुढे जे झालं ते जास्त लागतं.

त्याच्या घराण्याला म्हैसुरात येऊन किती पिढ्या झाल्या, हे माझ्या सासूबाईंना, गोदावरीबाईंनाही सांगता येत नाही. घरात मराठीच बोलतात, पण ते भातात कालवलेल्या सारासारखं, कन्नड कुठे संपलं आणि मराठी कुठे सुरू झालं ते वेगळं काढता येत नाही. मी बेळगावची, मराठी शाळेत शिकलेली. लग्नानंतर मी आधी हसले, मग तसंच बोलायला लागले. आमची पावनी मात्र मराठी समजायची, बोलायची नाही. आज्जी मराठीत विचारणार, ही कन्नडमध्ये उत्तर देणार. 'माझी नात माझ्याशी माझ्या भाषेत बोलायची नाही का ग?' असं सासूबाई मला विचारायच्या, जशी काही मीच तिची जीभ कपाटात ठेवून किल्ली हरवली होती.

मग आमच्या कुवेंपुनगरातल्या छोट्याशा मराठी मंडळात आभा आली. पुण्याची मुलगी, इथे सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, बन्नीमंटपाजवळ भाड्याचा फ्लॅट. दर रविवारी मंडळाच्या खोलीत मुलांना मराठी शिकवायला लागली, तेही हौसेने. मुलं 'मिस' म्हणाली की म्हणायची, 'मिस शाळेत. इथे ताई.' थोड्याच दिवसांत पावनी घरी येऊन आज्जीला म्हणाली, 'आजी, मला भूक लागली आहे.' सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. भूक लागली म्हणून साखर ठेवणारं आमचंच घर असेल.

गणपतीच्या नाटुकल्यात मुलांचे फोटो काढायला आभाला चांगला कॅमेरा हवा होता. विजयेंद्रचा तेव्हा ॲपवर होताच. ती घरी बघायला आली.

'ताई, कॅमेरा एकदम चन्नागि ठेवलाय बघा,' विजयेंद्र कौतुकाने सांगत होता. 'वापरणं स्वल्पच. कार्डसुद्धा कधी बाहेर काढलं नाही मी. केबल लावून फोटो घेतो. ते कार्डाचं बाजूचं झाकण उघडलंच नाही, नंबा, विश्वास ठेवा.'

आभा खळखळून हसली. 'अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! हे मराठी मी मुलांना शिकवू की तुमच्याकडून शिकू?'

ती मनापासून म्हणाली होती. मला तर तिची गंमतच वाटली. पण विजयेंद्रचा चेहरा मी पाहिला. तो हसला, कॅमेरा खोक्यात घातला, कार्डासकट दिला, आणि ती गेल्यावर म्हणाला, 'पुण्याच्या लोकांना आपण सर्कस वाटतो.' ते शल्य त्याने गिळलं नाही, गालात धरून ठेवलं.

गणपती झाले. मुलांनी नाटुकलं केलं, पावनी त्यात मुंगी होती आणि तिला चक्क चार ओळी होत्या. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. त्यानंतरच्या आठवड्यात आभा पुन्हा आमच्या दारात उभी, हातात तेच खोकं.

'दादा, यात काहीतरी गडबड आहे,' ती म्हणाली. 'कार्ड लॅपटॉपवर घ्यायला काढलं आणि परत घातलं, तर एरर. मुलांचे सगळे फोटो गेले. पावनीचेही होते हो, मुंगीचे. दुरुस्तीवाल्याने बघितलं तर आत लाल पूड आहे, तेलकट. पिनांना चिकटलीय.'

विजयेंद्रने कॅमेरा हातात घेतला, बाजूचं झाकण उघडलं, बोटाने पुसून पाहिलं. बोट लाल झालं.

'गुलाल हा,' तो म्हणाला. 'मिरवणुकीत नेलात तुम्ही.'

'नाही हो. मिरवणुकीत मी कॅमेरा नेलाच नव्हता.'

'ग्रुपवरच्या फोटोत दिसताय की, कपाळापर्यंत गुलाल. कॅमेरा काय घरी झोपला होता?'

'खरंच घरीच होता, दादा.'

'मी ते झाकण उघडलंच नाही कधी, मत्ते आत गुलाल कसा जाणार? सुम्मने, उगाच माझ्यावर घालू नका.' त्याचा आवाज चढला. 'आमचं मराठी अर्धं असेल, व्यवहार अर्धा नाही.'

तेव्हा आभाला कळलं असावं की हा वाद नुसता कॅमेऱ्याचा नाही. मग तिने खोकं उचललं आणि गेली.

तिने ॲपवर परतीचा अर्ज केला. ॲपवाल्यांनी दोघांकडून फोटो मागवले. विजयेंद्रने मंडळाच्या ग्रुपवरून मिरवणुकीतला तिचा गुलालाने माखलेला फोटो शोधून जोडला. मी म्हटलं, 'अहो, मुलगी खोटं बोलणारी वाटत नाही. एकदा शांतपणे बसून बोला.' तो म्हणाला, 'फोटो बोलतोय.' ॲपवाल्यांनाही तो फोटोच बोलका वाटला असावा. तिचा परतीचा अर्ज नामंजूर झाला.

इथेच थांबला असता तर निभावलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला ते सांगायची खाज असते. त्याने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'मंडळातल्या एका शिक्षिकेने वापरून बिघडवलेली वस्तू माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मुलं पाठवताना विचार करा.' नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, मंडळात शिक्षिका एकच होती. मी ते वाचून त्याच्याशी भांडले, पुसून टाका म्हटलं. तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. पुढच्या रविवारी खोलीत तीन मुलं आली, त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. मग खोलीला कुलूप लागलं. पावनी परत कन्नडमध्ये जेवण मागायला लागली आणि सासूबाई परत गप्प झाल्या.

दसरा आला. आमच्याकडे आयुधपूजेला घरातली एकूण एक हत्यारं मांडतात: विळी, स्क्रूड्रायव्हर, मिक्सर, स्कूटर, लॅपटॉप, आणि विजयेंद्रचा नवा कॅमेरा. प्रत्येकाला हळद, कुंकू, गंध, फूल. दरवर्षीचा क्रम ठरलेला. सासूबाई लावतात, आरती झाली की विजयेंद्र चष्म्याचं फडकं घेऊन येतो आणि आपल्या वस्तूंवरचं सगळं पुसतो. 'डाग पडतो, आई.' सासूबाई तोंडाने काही म्हणत नाहीत.

या वर्षी मी फुलांची परडी घेऊन आत आले तर सासूबाई खाली बसलेल्या, चष्मा नाकावर, नव्या कॅमेऱ्याच्या बाजूचं झाकण नखाने उघडत होत्या. दुसऱ्या हाताच्या बोटावर कुंकू, तेलात कालवलेलं.

'आई, काय करताय?'

'हळू बोल. तो आंघोळ करतोय.' त्या पुटपुटल्या. 'बाहेर लावलं की पुसतो. पूजा पुसू नये ग, आयुध रागावतं. म्हणून मागल्या वर्षी त्या जुन्या कॅमेऱ्याला आतच लावलं. तेलाचं, म्हणजे पडत नाही. वर्षभर राहिलं बघ, त्याला येनू कळलंच नाही.'

मी परडी खाली ठेवली. आणि मागे दारात, ओल्या केसांनी, नारळ हातात धरून विजयेंद्र उभा होता.

तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला नाही. येऊन आईच्या शेजारी जमिनीवर बसला, तिचं ते लाल बोट हातात घेतलं आणि बघत राहिला. सासूबाई घाबरून म्हणाल्या, 'पुसू का रे?' तो म्हणाला, 'बेडा, आई. राहू दे.' त्यांना आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. सांगून काय करायचं? आपल्या नातीची भाषा आपल्याच कुंकवाने गेली, हे ओझं त्या बाईवर कशाला? आणि खरं पाहिलं तर कुंकवाने काही नेलं नव्हतं. कुंकवाने नुसतं कार्ड बिघडवलं होतं.

त्याच दुपारी त्याने ग्रुपवर लिहिलं: चूक माझी होती, कॅमेरा आमच्याच घरात बिघडला होता, आभाताई खरं बोलत होत्या. खाली हात जोडलेली चित्रं आली, एकदोन अंगठे आले. पहिल्या मेसेजखाली कितीतरी जणांनी भरभरून लिहिलं होतं. या मेसेजवर कुणाला काही सुचलं नाही.

विजयादशमीला सकाळीच आम्ही तिघं रिक्षाने निघालो. संध्याकाळी बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत असते, त्यामुळे रस्त्यावर आत्ताच बांबूचे कठडे लागले होते. पावनीच्या हातात बन्नीची, म्हणजे शमीची पानं होती. आमच्याकडे दसऱ्याला ती देऊन मागचं भांडण मिटवतात. आभाच्या गावाकडे आपट्याची देतात, पण सोनं म्हणतात तेच. वाटभर विजयेंद्र पुटपुटत होता. मला विचारलं, 'श्रीविद्या, "क्षमा करा" बरोबर की "माफ करा"? "मी आपला अपराधी आहे" जास्त होईल का?' इतक्या वर्षांत त्याने मला मराठीतलं काही विचारल्याचं आठवत नाही. त्याला एकही कन्नड शब्द न घालता बोलायचं होतं.

आभाने दार उघडलं. आम्हाला बघून दचकली, मग ओढणी सारखी केली.

विजयेंद्रने सगळं म्हटलं. न अडखळता, पाठ केल्यासारखं, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. 'कॅमेरा आमच्याच घरी बिघडला होता. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. मला क्षमा करा. पैसे मी आजच परत करतो. आणि रविवारचा वर्ग तुम्ही पुन्हा सुरू करावा, ही माझी विनंती आहे.'

ती ऐकत होती. पहिल्या भेटीला ती ज्या वाक्यावर खळखळून हसली होती, त्याच्यापेक्षा हे किती नीटनेटकं होतं. मला मनातून वाटत होतं, आता ही हसेल, म्हणेल, 'अय्या, तुमचं चन्नागि कुठे गेलं?' त्यासाठी मी देवाला नवस बोलले असते.

'इट्स ओके, सर,' आभा म्हणाली. 'प्लीज डोन्ट वरी अबाउट द मनी. आय गेव्ह द कॅमेरा अवे. अँड आय डोन्ट टेक क्लासेस एनी मोअर.'

आवाजात राग नव्हता. ऑफिसात अनोळखी माणसाशी बोलतात तसं, अगदी नम्र. पावनीने पानं पुढे केली. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, पावनीच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, 'हॅपी दसरा.' क्षणभर तिच्या ओठांवर आणखी काहीतरी आलं होतं, मी पाहिलं. पण तिने ते आत ठेवलं आणि दार हळूच लोटलं.

लिफ्ट येईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. पावनीने बापाचा सदरा ओढला.

'अप्पा,' तिने विचारलं, 'आभाताई आपल्याशी इंग्रजीत का बोलल्या?'

वाक्य अगदी शुद्ध होतं. कुणी शिकवलं होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

विजयेंद्रने बंद दाराकडे पाहिलं. 'माझ्यामुळे,' तो म्हणाला.