वरचे चार श्वास

फुगेवाले काका हे नाव त्यांना पेशंटांनीच दिलेलं. ऑपरेशननंतर फुप्फुसं कामाला लागावीत म्हणून ते ज्याच्या त्याच्या हातात फुगा द्यायचे आणि "फुगवा, नव्या नवरीसारखे लाजता काय?" म्हणून दम भरायचे. खरं काम अतिदक्षता विभागातले व्हेंटिलेटर सांभाळण्याचं. तेवीस वर्षं त्यांनी ते चोख केलं. चुकले ते परवा, आणि तेही चांगुलपणाच्या भरात.

सात नंबरच्या खाटेवर अपघातात डोक्याला मार लागलेली मुलगी होती. मशीन मिनिटाला बारा श्वास देत होतं, पडद्यावर मात्र सोळा दिसत होते. तिचे वडील, टेलरमास्तर, अन्नपाणी सोडून भिंतीला टेकून उभे. काकांना राहवलं नाही.

"वरचे चार तिचे स्वतःचे आहेत, मास्तर."

मास्तरांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून ते झाडूवालीपासून सगळ्यांना त्या चार श्वासांची बातमी देत होते.

आज सकाळी काकांनी नळी उचलून पाहिली, तर वाकलेल्या भागात वाफेचं पाणी साचलेलं. ते हललं की मशीनला वाटायचं, पेशंटच हवा ओढतोय. नवशिक्यालाही ठाऊक असलेली गोष्ट! काकांनी पाणी काढलं. सोळाचे बारा झाले.

"चार कुठे गेले हो?" मागून मास्तरांनी विचारलं.

काकांनी खरं ते सांगितलं. मास्तरांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "त्यात एखादा तरी तिचा असेल ना?"

मग ते चार श्वास काकांच्याच मागे लागले. हात धुताना, लिफ्टमध्ये, जेवणाचा डबा उघडताना, मानेजवळ कुणीतरी हळूच हवा ओढत होतं. वळून पाहावं तर कुणी नाही.

दुपारी डॉक्टरांनी शेवटची तपासणी ठरवली. मशीन दहा मिनिटं काढायचं, बारीक नळीने नुसता ऑक्सिजन सोडायचा आणि छातीवर नजर ठेवायची. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो. मेंदूच्या तळाशी थोडी जरी धुगधुगी असेल, तर तिथून श्वासाचा हुकूम सुटतोच. सुटला नाही, तर सगळं संपलं. मास्तरांनी हात जोडले, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आत थांबू दिलं.

काकांनी मशीन काढलं. खोलीत अशी शांतता पसरली की कपड्यांची सळसळही नको वाटावी. मास्तरांनी लेकीचा हात धरला होता. काका तिच्या छातीकडे टक लावून बघत होते. घे गं बाई, एक घे. माझ्यासाठी घे.

आपला श्वास कधी थांबला, हे त्यांना कळलंच नाही. शरीर कुणाचं ऐकतं थोडंच? आतून धक्का बसला आणि घशातून हवा मोठ्याने आत ओढली गेली.

"घेतला!" मास्तर ओरडले. "डॉक्टर, घेतला तिने! ऐकलंत ना?" ते हसत होते, रडत होते, लेकीचे केस कुरवाळत होते.

डॉक्टरांनी काकांकडे पाहिलं. मुलीची छाती हललीच नव्हती.

"मास्तर," काका म्हणाले, "तो माझा होता."

मास्तरांनी हात सोडला नाही. घड्याळात अजून सहा मिनिटं बाकी होती. ती सहा मिनिटं काकांनी तोंडावर रुमाल दाबून, चोरून श्वास घेतले.