अर्ध्या मिशीची पैज

पैज दादाभाऊच्या ओट्यावर लागली. त्याची नात हर्षाली, नऊ वर्षांची. शाळेच्या गाडीची वेळ झाली की रोज पोट धरून बसायची.

"नाटक हाय," मी म्हणालो. "पोटात काय नाय."

"हौशीराम, पोरगी कळवळती रं. खरंच दुखतंय तिला."

"हरंल त्यानं गाडीच्या थांब्यावर, पोरांसमोर, अर्धी मिशी काढायची."

"न्हाव्याला सांगून ठेव मग."

मंगळवारी मीच जीपमधून दोघांना आळेफाट्याला पोरांच्या डॉक्टरकडं नेलं. निकाल ऐकायची लई हौस.

"रिपोर्ट सगळे चांगलेत," डॉक्टर म्हणाले. "उद्या भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची ठरलीय. त्याआधी वृषालीताईंशी बोला. मुलांच्या मनाचं त्या बघतात. इथंच, पलीकडच्या खोलीत."

मी दादाभाऊला कोपर मारलं. "जिंकलो का नाय?"

तो उठलाच. "माझी नात येडी न्हाई. चल गं."

"आजोबा, पोट तिचं खरंच दुखतंय," डॉक्टर म्हणाले. "का दुखतंय तेच शोधायचंय."

दादाभाऊ दारात थांबला. मग नातीला घेऊन पलीकडच्या खोलीकडं वळला. मीबी मागोमाग गेलो.

ताईंनी कागद-खडू दिले. हर्षालीनं थांबा काढला, मागं ऊस. उसात दोन डोळे.

"कोण हे?"

"बिबट्या."

"दिसला होता?"

"नाय. नुसता गुरगुरला. होळीच्या दुसऱ्या दिवशी. घरी नाय सांगितलं. आजोबा एकटेच उसात बघायला जात्याल."

माझ्या तोंडातली सुपारी तिथंच राहिली. उसात बसून मोबाईलवर ती गुरगुर मीच वाजवली व्हती. पोरं पळाली, मी लोळून हसलो.

गप बसलो असतो तर कुणाला कळणार व्हतं?

"पिंजऱ्याचं बघू," दादाभाऊ म्हणाला. "उद्याची दुर्बीण मात्र उरकून घेऊ." हर्षालीनं परत पोट धरलं.

"बिबट्या मी व्हतो," मी म्हणालो.

दादाभाऊनं हर्षालीला माझ्यापास्नं आपल्याकडं ओढलं. "येवढ्या वर्षांचा शेजार," एवढंच बोलला.

डॉक्टरांनी दुर्बीण थांबवली. "भीती एका दिवसात जात नाही," ताई म्हणाल्या. "दर मंगळवारी आणा."

दुसऱ्या दिवशी न्हाव्यानं थांब्यावरच खुर्ची मांडली. मी मोबाईल हर्षालीच्या हातात दिला. एक हात पोटावरच ठेवून तिनं बटण दाबलं. गुरगुर झाली. परत दाबलं. बंद. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाजवली, तवा माझी डावी मिशी उतरली. सगळी पोरं खिदळली.

हर्षाली हसली नाय. जवळ येऊन निरखून बघितलं.

"डावी वाढंपर्यंत उजवीला हात लावायचा नाय," म्हणाली, आणि गाडीत चढली.