घडीवर फाटलेला पाइप

आगीच्या बंबाच्या डाव्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेला मी एक जुना पाइप आहे, मित्रांनो. कारखान्यात जाड दोऱ्यांनी मला गोल गोल विणलं, पोटात रबराचं अस्तर घातलं आणि दोन्ही टोकांना पितळेची तोंडं बसवली. पाणी भरलं की मी असा ताठ होतो, की दोघांनाही आवरत नाही.

माझी खरी काळजी घेतली ती आप्पांनी. ते आमच्या ठाण्यातले सर्वांत जुने जवान. आग विझवून आलो की ते मला धूत, उंचावर टांगत आणि वाळलो की अंगभर बोटं फिरवून पाहत.

"लेकराचं डोकं पुसल्यासारखं काय पुसताय, आप्पा?" त्यांच्या हाताखालची ताई हसायची.

"ओला ठेवला तर आतून कुजतो, बाई. बाहेरून कळतही नाही."

पुढे गुडघ्याच्या दुखण्याने आप्पा महिनाभर रजेवर गेले. त्याच महिन्यात एका दिवशी तीन ठिकाणी आगी लागल्या. दमलेल्या ताईने मला ओलाच दुमडून कप्प्यात सारला. "उद्या टांगते रे," म्हणाली. तो उद्या काही उजाडला नाही. घडीघडीत माझं अस्तर सुटत गेलं.

आप्पा परतले त्याच आठवड्यात, भर दुपारी एका बंद घराला आग लागली. समोरच्या काकू ओरडत होत्या, "आत कोणी नाही हो! दोन वर्षं कुलूप आहे. रिकाम्या घरापायी जीव कशाला धोक्यात घालता?"

"पुढे कुलूप आहे," आप्पा म्हणाले, "पण मागे दोरीवर ओला सदरा आहे."

आप्पा आणि ताई मागच्या दाराने आत शिरले. मी मागून सरपटत होतो. धुरात हाताला हात दिसेना. ताई पाणी मारत होती, आप्पा रांगत खोल्या चाचपत होते.

"कोण आहे का आत? ओ द्या!"

आतल्या खोलीतून खोकला आला. दाराची कडी चाचपायला आप्पांनी हातमोजे काढले, आणि नेमका तेव्हाच मी घडीवर फाटलो. ताईच्या हातातली धार करंगळीएवढी झाली. चौकटीवरची आग खाली उतरली.

"आप्पा, पाणी गेलं! बाहेर या!"

"म्हातारा सापडलाय गं!"

त्याला स्वतःच्या कोटात गुंडाळून, जळतं दार उघड्या हातांनी ढकलत आप्पा बाहेर आले. म्हातारा वाचला. शुद्धीवर येताच पुटपुटला, "मालकांना सांगू नका हो, मी इथे झोपतो ते." काकू खाली मान घालून उभ्या राहिल्या.

आप्पांचे दोन्ही तळहात भाजले. दवाखान्यात ताई त्यांच्या उशाशी येऊन बसली म्हणे. म्हणाली, "आप्पा, तो पाइप मीच ओला ठेवला होता."

"धार गेली तेव्हाच कळलं मला. कुठे फाटलाय?"

"मधल्या घडीवर."

"मग तेवढा काप. बाकीचा चालेल अजून."

मी आता तोकडा झालोय, मित्रांनो. आप्पांच्या हातांत पूर्वीसारखी पकड राहिली नाही. आता मला दुसरेच कोणी धरतात. एवढंच सांगतो, हातातलं काम उद्यावर ढकलू नका. आणि ढकललंच कधी, तर निदान कोणाला तरी सांगा. ताई एक शब्द बोलली असती, तर त्या दुपारी आप्पांनी मला कप्प्यातून काढलंच नसतं.