डावा कोपरा देवाचा

प्रेमलाला भावाच्या घरात मान नव्हता असं कुणी म्हणू नये. फोटो काढायची वेळ आली की पहिली हाक तिलाच जायची. "प्रेमे, ये गं जल्दी, तुझा हात बिलकुल हलत न्हाई," असं तिचा थोरला भाऊ श्रीपती म्हणायचा, आणि ही कणकेचे हात पदराला पुसत धावत यायची. भाच्याचं जावळ, भाचीचा वाढदिवस, नव्या गाडीची पूजा, सगळं हिनंच टिपलं. आता काढणारी बाई फोटोत कशी येणार? नवऱ्यानं टाकल्यापासून ती टेंभुर्णीला भावाकडं राहत होती, आणि त्या घरातल्या एकाही फोटोत ती नव्हती. गोडीगुलाबीनं बाजूला सारणं म्हणतात ते हेच. घरच्यांना ते कधी सांगावंही लागलं नाही.

तिलाही त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. पण शेजारची चांगुणाबाई वारली आणि हार घालायला फोटोच सापडेना. शेवटी पोरानं आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. जित्तेपणी एवढी देखणी बाई, पण त्या फोटोत पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसत होती. दहाव्याला आलेले पाव्हणे तोंडाला रुमाल लावून हसले. प्रेमला घरी आली ती वहिनीजवळ जाऊन बसली.

"वहिनी, मी मेले तर माझा कोणता लावणार हो?" तिनं भावजयीला, केशरबाईला विचारलं.

"आधी मरा तर खरं, मंग बघू," केशरबाई म्हणाली, आणि घर हसलं. प्रेमलाही हसली. पण ते तिच्या मनात जे रुतलं ते निघेना. चार माणसांत आपण उभ्या आहोत, हसतो आहोत, असा एक तरी फोटो आपल्यामागं राहावा, एवढंच तिला हवं होतं. सोनं मागितलं नव्हतं बिचारीनं.

भाचीचं, चिन्मयीचं लग्न ठरलं. जालन्याचे पाव्हणे, मोठी पार्टी, नवरदेव ऋषी बँकेत साहेब. केशरबाईचे पाय जमिनीला लागेनात. पहिली पत्रिका राजूरच्या गणपतीला द्यायची म्हणून सगळं घर गाडी करून निघालं, आणि प्रेमलानं ठेवणीतली जांभळी साडी काढली. पत्रिका देवापुढं ठेवून सगळे खाली आले तेव्हा ही एका दुकानापुढं थांबली. नारळ, प्रसाद आणि खेळण्यांच्या मधोमध सेल्फी स्टिका टांगलेल्या होत्या. तिनं एक घेतली. स्वतःच्या पैशानं घेतली, हे महत्त्वाचं.

"हे काय आत्या?" सुयश, तिचा भाचा, हसायला लागला.

"आता कुणी बाहेर राहायची गरज न्हाई," प्रेमला म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्यालाच लाज वाटावी.

प्रेमलाकडं साधा बटनाचा फोन, म्हणून सुयशनं काठीला केशरबाईचा फोन लावला. चौकात लावायच्या लग्नाच्या फ्लेक्ससाठी घरच्यांचा एकत्र फोटो हवाच होता. प्रेमलाला वाटलं, वहिनी आता नाक मुरडणार. पण छे! वहिनी भलत्याच खुशीत.

"काठी वन्संच धरतील. त्यांचाच हात बराबर. अन् काठीवाल्याला टोकालाच उभं राहावं लागतंय. वन्सं, जरा तिकडं सरका. अजून थोडं."

"आत्या, जवळ ये ना," चिन्मयी म्हणाली.

"न्हाई न्हाई, साडी चुरगळती," केशरबाईनं पोरीचा हात मागं ओढला. "वन्संच्या अन् आपल्या मधी मोकळी जागा राहू द्या जराशी."

बाई माझ्या साडीची काळजी करतेय, असं प्रेमलाला वाटलं. साधी माणसं अशीच मरतात! तिनं हात लांब केला, बटन दाबलं, आणि स्क्रीनवर सगळं घर दिसलं. श्रीपती, केशरबाई, सुयश, चिन्मयी आणि टोकाला ती स्वतः, दात दाखवून हसणारी. तिनं तो फोटो कितीदा तरी पाहिला. गाडीत बसल्यावरही ती सुयशला म्हणत होती, "दाखव रे परत."

आठवडाभर तिनं गावात कुणालाच सोडलं नाही. तिच्याकडं ब्लाउजं शिवून घ्यायला येणाऱ्या बायांना मापं घेता घेता सांगितलं, दळणाच्या रांगेत सांगितलं. "फ्लेक्सवर मी पण हाय बरं का." फ्लेक्स लागायच्या दिवशी दोघी-तिघी जणी तिच्याबरोबर चौकात आल्या. कुणाला कौतुक, कुणाला तमाशा.

कचरू फ्लेक्सवाला शिडीवर चढून दोऱ्या आवळत होता. खाली सगळं घर झळकत होतं. श्रीपती, केशरबाई, सुयश, चिन्मयी. आणि डाव्या कोपऱ्यात, प्रेमला उभी होती अगदी त्याच जागी, गणपती बसला होता. चांगला भरगच्च, मुकुटासकट.

बायांनी हात जोडले. देव समोर दिसल्यावर दुसरं काय करणार? प्रेमलानंही जोडले. ते जोडताना तिला कळलं की आपण आपल्याच जागेच्या पाया पडून राह्यलो.

"तू कुठंयस गं?" एकीनं विचारलं. विचारणारच ती, त्यासाठीच तर आल्ती.

"कचरूभाऊ, इथं मी होते की हो," प्रेमला म्हणाली.

"डावा कोपरा देवाचा असतोय ताई. कुणाचाही फ्लेक्स बघा." कचरूनं वरूनच उत्तर दिलं. त्याच्या पोटात काही पाप नव्हतं. "अन् केशरवहिनींनी तर राजूरला जायच्या आधीच इचारलं व्हतं, देवाला किती जागा लागती म्हणून. मी म्हणलं, एका माणसाची सोडा."

प्रेमला घरी आली ती थेट केशरबाईपुढं उभी राहिली. बैठकीत सगळे रुखवताचं बघत बसले होते.

"वहिनी, मला मुद्दाम त्या टोकाला उभं केलं का?"

"हो, केलं," केशरबाई म्हणाली. आवाज वर नाही की खाली नाही. "जालन्याचे पाव्हणे फ्लेक्स बघणार. ही बाई कोण, हिचे मालक कुठं, असं विचारणार. मंग काय सांगू? टाकून दिलं म्हणू? पोरीच्या लग्नात? उलट नशीब समजा. लोकं जन्मभर देवापाशी जागा मागतात, तुम्हाला फुकटात भेटली."

प्रेमलानं भावाकडं पाहिलं. आपला भाऊ आता तरी दोन शब्द बोलेल, अशी तिला आशा होती. श्रीपती रुखवतातला तांब्या उलटा करून त्यावरचं नाव वाचत होता. "प्रेमे, लग्नाच्या घरात रडं नको," तो म्हणाला. "पोरीचा सवाल हाय."

मग मात्र तिला रडू फुटलं. मोठमोठ्यानं रडली. घरात कुणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. सुयशला वाईट वाटलं. पोरगा मनानं मऊ होता, त्याला गप्प बसवेना.

"आत्या, रडू नको. तुझा कापलेला तुकडा मी ठेवलाय. हे बघ." त्यानं फोन पुढं धरला.

जांभळ्या साडीतली प्रेमला. एकटी. दोन्ही बाजूंनी कापलेली, शेजारी कुणाचा साधा खांदासुद्धा नाही.

"सगळ्यांचा कुठंय?"

"मम्मीनं डिलीट करायला लावला. चुकून पाव्हण्यांकडं गेला असता."

"मंग हा कशाला ठेवला?"

सुयश आईकडं बघायला लागला. "मम्मीच म्हणली, ठेव. पुढं लागंल म्हणून. तूच तर म्हणत होतीस ना, आत्या."

केशरबाईनं फोन घेतला, दोन बोटांनी चेहरा मोठा केला आणि प्रेमलापुढं धरला. "बघा तर खरं, किती ठसठशीत आलाय. गळ्याखाली हाराला पण बराबर जागा हाय. पुन्हा म्हणू नका, वहिनीनं काही केलं न्हाई."

चिन्मयीला हसू आलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, पण दबलं नाही.

प्रेमलानं डोळे पुसले आणि फोटोकडं पाहिलं. फोटो खरंच चांगला आला होता, हेच तर सगळ्यात वाईट होतं. आयुष्यात ती एवढी छान कधी दिसली नव्हती.

"पण वहिनी, ह्याच्यात मी एकटीच हाय हो," ती म्हणाली.

"हाराच्या फोटोत माणूस एकटंच असतंय, वन्सं," केशरबाई म्हणाली, आणि फोन पोराच्या हातात देऊन हळदीचं सामान काढायला आत गेली.